हिराआत्याच्या कालवणाबद्दल

जेवण वाढणाऱ्या बाईने समोर उभं राहून, पदराला हात पुसत ‘कसं झालंय?’ असं विचारलं, तेव्हा तुम्ही शेवटचं खरं कधी बोललात? थांबा – लगेच ‘नेहमीच’ म्हणू नका. मीही तसंच म्हणत होते. छाती पुढे काढून म्हणत होते.

आज जे सांगणार आहे ते मी याआधी कुठेही लिहिलेलं नाही. ज्यांना तोंडी सांगायला हवं होतं त्यांना सांगून झालं, त्यालाही अजून पंधरवडा झालेला नाही. तुम्हाला मात्र पहिल्यांदाच सांगते आहे. आणि तुम्हाला सांगणं भाग आहे, कारण रविवारच्या पुरवणीतल्या याच जागेवर, मनोहर सरांच्या सदरात, तुम्ही माझं खोटं वाचलं आहे. नाव सरांचं होतं. खोटं माझं होतं.

कुठून सुरुवात करू? माझ्यापासूनच करते, म्हणजे पळता येणार नाही.

माझे वडील यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत. भिवंडीजवळच्या दापोड्यात आमच्या घरात देवाच्या फोटोंपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. मी अक्षरं जुळवायला शिकले ती त्या पत्रकांवर. ‘जाहीर निषेध’ हे शब्द मला माझ्या नावाआधी वाचता येत होते. शाळेतून आले की पत्रकांच्या घड्या घालायच्या, मोठी झाल्यावर ती लिहायची. गोदामांत हमाली करणाऱ्या बायांना संडास नाही म्हणून लिहिलं. मग वशिल्यावर लिहिलं – ज्याची जमीन गोदामाला गेली त्याच्या भावकीतली पोरं आधी आत घेतात, बाकीची गेटबाहेर उभी राहतात – त्यावर लिहिलं, आणि खाली माझं नाव घातलं. आमच्याच भावकीतल्या लोकांनी आमच्याशी बोलणं टाकलं. मला त्याचा अभिमान वाटला. लक्षात ठेवा हे. या अभिमानानेच पुढे घात केला.

मनोहर सरांचं सदर मी कॉलेजपासून वाचत होते. ठाण्यातली मिसळ, डोंबिवलीतलं थालीपीठ, कल्याणातला कुठला तरी जुना हलवाई – सगळं यायचं. भिवंडी कधीच नाही. मी त्यांना रागारागाने मेल पाठवला, पत्रकाच्याच भाषेत: भिवंडी म्हणजे तुम्हाला फक्त खड्डे आणि ट्रॅफिक वाटतं का? इथे माणसं जेवत नाहीत का? दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाज शांत, थोडा खाकरलेला.

“बरोबर आहे तुझं. मला तिकडे कुणी नेलंच नाही. तू नेशील?”

“नेईन की!” मी म्हणाले.

फोन ठेवला आणि कळलं – कुठे नेणार? मी भिवंडीची, पण भिवंडीत मी जेवले होते कुठे? घरी, नाहीतर कॉलेजच्या बाहेर वडापाव. ज्या कामगारांच्या हक्कांवर मी पानं भरत होते, त्यांच्या ताटात काय असतं ते मला माहीत नव्हतं. तेव्हा नेणारी मी आणि वाटेत भेटेल त्याला विचारून दाखवणारे सर, असा आमचा उलटा प्रवास सुरू झाला.

पद्मानगरात त्यांनी मला भिशीत नेलं. भिशी म्हणजे लूमवाल्यांची खाणावळ. एक बाई रांधते, शिफ्ट सुटेल तशी माणसं येऊन जेवून जातात. रोजची माणसं ठरलेली, त्यांच्याच मापाने भात शिजतो. वाटेवरच्या माणसाला आत शिरून ताट मागता येत नाही. कुणाचा तरी पाहुणा म्हणूनच जावं लागतं. सर दाराशी गप्प उभे राहिले. शेवटी ड्युटीवरून आलेला एक कामगार हसला, “कब तक खड़े रहोगे चाचा? आओ, आज मेरे मेहमान.” आत तेलुगू मावशींनी वाफाळत्या भातावर गार पच्ची पुलुसू ओतलं – कच्ची चिंच, कांदा, मिरची, बस. मी चमच्याने ढवळायला लागले तर मावशी ओरडल्या, “हात धुतलाय ना? मग हाताने खा की!” अख्खी पंगत हसली.

निजामपुऱ्यात सकाळी सकाळी नल्ली निहारी, रात्रभर शिजलेला नळीच्या मटणाचा रस्सा. तिथेही मी चमचाच धरला, आणि भट्टीमागचे म्हातारे उस्ताद म्हणाले, “चम्मच रखो बेटी, रोटी को काम करने दो.” कल्याण नाक्याजवळ राखेतून काढलेली, सातूचं सारण भरलेली बिहारी लिट्टी. एका उडप्याकडच्या चहावर बाजूच्या कारखान्यातली कापसाची रुई तरंगत होती, मी निषेध नोंदवायच्या बेतात होते, पण सरांनी बोटाने ती अलगद उचलली आणि म्हणाले, “चहा इथलाच आहे याचा पुरावा.”

सुरुवातीला मी जे लिहून द्यायचे ते वाचून सर पोट धरून हसायचे. ‘या डाळीला प्रामाणिकपणाचा स्पर्शही झालेला नाही’ असली वाक्यं. म्हणायचे, “डाळ आहे गं, कारखानदार नाही.” त्यांच्यासमोर छान, मस्त, चविष्ट हे शब्द उच्चारायचे नाहीत. आधी जिभेवर काय आलं, मागून काय आलं, गिळल्यावर काय राहिलं – एवढंच सांगायचं. आणि झणझणीत काही असलं की त्यांचा एकच प्रश्न: “तिखटाखाली काय आहे?” तिखट कुणीही घालतं, म्हणायचे. त्याच्या खाली बघायचं.

त्यांचा आणखी एक नियम होता. नाक बंद, तर पेन बंद. सर्दी असेल त्या दिवशी ते जेवायचे, पण लिहायचे नाहीत.

मला ते देवासारखे वाटायला लागले होते. नाही – देवासारखे नाही, आमच्या घरात तसं बोलत नाहीत. पण आपण त्यांच्या नजरेत कशा दिसतो, हे मी सारखं बघायला लागले होते. हे देवापेक्षा वाईट, नाही का?

आता हिराआत्या.

हिराआत्या माझ्या बापाची थोरली बहीण. वडप्याला नाशिक हायवेच्या कडेला तिची पत्र्याची खाणावळ आहे. ड्रायव्हर येतात, गोदामातली माणसं येतात. तिच्याकडे निवट्यांचं कालवण मिळतं – निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारी ती छोटी मासळी. आता खाडीकाठच्या कितीतरी भागात भराव पडलाय, निवट्या रोज मिळत नाहीत. मिळतात त्या दिवशी आत्याच्या दारात ट्रकची रांग लागते. आणि आत्याची सवय अशी की ती गल्ल्यावर बसत नाही. प्रत्येक ताटासमोर येऊन उभी राहते. “कसा झालाय?” उत्तर मिळाल्याशिवाय पुढे सरकत नाही. कुणी नुसतं “बरंय” म्हणालं तर म्हणते, “बरा कनाला? काय कमी हाय त्ये बोल.”

सरांना तिथे न्यायचं माझ्या मनात कितीतरी दिवस होतं, आणि तितकेच दिवस मी टाळत होते. वशिल्यावर पत्रक काढणारी मी – माझ्याच आत्याचं नाव पेपरात छापून आणू? पण एक दिवस सरच म्हणाले, वडप्याला कुणी बाई निवट्या करते म्हणे, ट्रकवाल्याने सांगितलं. नाही कशी म्हणणार? तेव्हाच सांगायला हवं होतं – सर, ती माझी आत्या आहे. पाच शब्द. मी नाही बोलले. उलट आदल्या दिवशी वडप्याला जाऊन आत्याला बजावून आले: उद्या आम्ही येऊ तेव्हा ओळख दाखवायची नाही.

आत्याला ती गंमत वाटली. “म्हंजे मी तुला वलखतच न्हाय? नाटकात काम केल्यासारखा?”

“हो. नाहीतर ते म्हणतील ओळखीने लिहून आणलं.”

“बरा बाय. तुज्यासाठी ता पन करीन.”

आणि केलंही तिने. आम्ही गेलो तेव्हा आत्या नवी साडी नेसून उभी होती. ज्या बाईने मला न्हाऊ घातलंय ती मला म्हणाली, “या म्याडम. बसा म्याडम. भाकर देऊ का म्याडम?” दर वेळी सरांची पाठ फिरली की माझ्याकडे बघून डोळा मारायची. तिची सून चुलीमागे तोंडात पदर कोंबून हसत होती.

त्या दिवशी सरांना सर्दी होती. नाक लालेलाल, हातात रुमाल. त्यांनी पहिला घास घेतला आणि ताट थोडं दूर सरकवलं. “मला आज काहीच कळत नाहीये. पण उद्या मजकूर द्यायचाय आणि दुसरं काही हातात नाही.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आज तू सांग, मी लिहितो. तुझी जीभ तयार झाली आहे.”

कळतंय ना तुम्हाला? त्यांनी त्यांचा नियम मोडला, माझ्या भरवशावर.

मी जेवले. तुम्हाला खरं सांगते – आता तरी खरं सांगते – त्या कालवणासारखं मी आजवर काही खाल्लेलं नाही. लहानपणापासून शंभरदा खाल्लं असेल, पण त्या दिवशी पहिल्यांदा शिकवलेल्या जिभेने खाल्लं. आधी आलं आंबट, मग तिखट, आणि तिखटाखाली – तिखटाखाली आमचं अंगण होतं. त्या वर्षीचा मसाला आमच्याच अंगणात भाजलेला. दर उन्हाळ्यात आई आणि आत्या मिळून वर्षाचा मसाला करतात. त्या वर्षी मिरच्यांचे देठ मी खुडले होते, धणे मी निवडले होते. ते सगळं तिथे होतं, भाजल्याच्या गोडव्यासकट. माझे डोळे भरून आले. तिखटाने आले असं दाखवून मी पाणी प्यायले.

आत्या समोर आली. “कसा झालाय, म्याडम?”

“सांगतो,” सर म्हणाले. “लिहून सांगतो.”

रिक्षात बसल्यावर सरांनी विचारलं, “बोल. तिखटाखाली काय आहे?”

त्या क्षणी मला कशाची भीती वाटली? मी खरं बोलले तर आवाजातून नातं कळेल याची. मी कौतुक केलं आणि उद्या कुणी सांगितलं की ती हिची आत्याच, तर सर माझ्याकडे कसे बघतील याची. जिने वशिल्याविरुद्ध पत्रक काढलं तिने स्वतःच्या माणसालाही सोडलं नाही – आपण किती कडक, किती तत्त्वाच्या – हे मला माझ्यापुरतं तरी म्हणता यावं, म्हणून –

“काहीच नाही,” मी म्हणाले. “मसाला जुना झालाय. खवट येतोय. नुसतं तिखट आहे, खाली काहीच नाही.”

“खात्री?”

“खात्री.”

रविवारी ते छापून आलं. ‘तिखटाखाली काहीच नाही’ – मथळाच तो. तुमच्यापैकी काहींना आठवत असेल.

इथवरचं मी मनात अनेकदा उगाळलं आहे, आणि दर वेळी इथेच थांबले आहे. कारण पुढचं जास्त वाईट आहे. रिक्षातलं खोटं एका झटक्यात तोंडातून गेलं. पुढचं खोटं मी विचार करून बोलले.

सोमवारी आत्या आमच्या दारात आली. हातात पेपर होता. सुनेने वाचून दाखवला होता. आत आली नाही, उंबऱ्यापाशीच उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, भांडण मला जमतं.

“बाय,” ती म्हणाली, “तू व्हतीस ना थंय. तुला पन तसाच लागला?”

एकच प्रश्न होता. उत्तर द्यायला मला भरपूर वेळ होता. आणि मी काय म्हणाले?

“ते सरांचं मत आहे, आत्या.”

सगळं सरांवर ढकलून मोकळी झाले. ज्या माणसाने आपली लेखणी माझ्या जिभेवर सोपवली, त्याच्यावर. आत्याने मान हलवली. “मोठा मानूस हाय. त्याला कलत असंल.” आणि गेली.

तिने तो मसाला फेकला. अख्ख्या वर्षाचा. आमच्याकडे मसाला बिघडणं ही साधी गोष्ट नसते – तो वर्षातून एकदाच होतो, आणि बिघडला तर ज्या हाताने भाजला तो हात बिघडला असं बाया मानतात. त्यातलाच आमच्या घरचा वाटा चांगला आहे असं आई सांगत राहिली, पण छापलेल्या अक्षरापुढे हिराआत्याने ते ऐकलं नाही, तिने मानलं की तिचा हात गेला. ती पाकिटातला मसाला आणायला लागली. ड्रायव्हर हळूहळू पलीकडच्या ढाब्यावर थांबायला लागले. आणि कालवण खरोखरच तसं झालं – नुसतं तिखट, खाली काहीच नाही. मी जे खोटं बोलले होते ते मी खरं करून दाखवलं.

आणि तिने विचारणं सोडलं. ‘कसा झालाय’ हा प्रश्न. ताट ठेवायची आणि पाठ फिरवून चुलीकडे जायची. मी दोनदा जेवायला गेले. दोन्ही वेळा तिने मला विचारलं नाही. दोन्ही वेळा मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवते.

मग मी काय करत होते? लिहीत होते. सत्य बोलण्याच्या धाडसाबद्दल एक पत्रकसुद्धा लिहिलं. लोकांना आवडलं.

या उन्हाळ्यात आमच्या अंगणात मसाल्याची चूल पेटली. गेल्या उन्हाळ्यात आत्या फिरकली नव्हती, या वेळी आईने सांगावा धाडला म्हणून आली, पण लांब बाकावर बसून राहिली. आई मिरच्या भाजत होती, ठसक्याने सगळ्यांचे जीव कासावीस. आई म्हणाली, “अवो वन्सं, या की, मिरची करपंल! तुमच्यासारखा मना न्हाय जमत.” आत्या जागची हलली नाही.

“माजा हात नको,” ती म्हणाली. “तुमचा बी मसाला बिघडंल.”

हे ती अगदी साधेपणाने म्हणाली. रडून नाही, टोमणा मारून नाही. आज पायात चपला नाहीत म्हणावं तसं. आणि मला कळलं की मी आता आणखी एक श्वाससुद्धा तसाच घेऊ शकत नाही.

मी तिथेच, मिरच्यांच्या ढिगाशेजारी, सगळं सांगितलं. रिक्षा, सर्दी, ‘खात्री’, आणि उंबऱ्यावरचं उत्तर. आईच्या हातातला कालथा थांबला. मिरच्या करपल्याच.

आत्याने मला शिव्या दिल्या नाहीत. तिने विचारलं, “म्हंजे मसाला चांगला व्हता?”

“हो.”

“म्हंजे माजा हात गेला नव्हता?”

“नाही आत्या. तुझा हात कधीच गेला नव्हता.”

तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारताना ती हसायला लागली होती, आणि हसता हसताच तिला मसाला आठवला. “बरणीच्या बरण्या वतल्या मी, भवाने! खड्डा खनून!” मग मात्र शिव्या आल्या, आणि अशा अस्सल आल्या की वडील घरातून बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं. नंतर संघटनेच्या मीटिंगमध्ये बोलतात तशा आवाजात म्हणाले, “जिथं छापलं तिथंच दुरुस्ती छापायची. तेवढ्याच अक्षरात.”

आत्या उठली. आईच्या हातातून कालथा घेतला, करपलेल्या मिरच्या उकिरड्यावर फेकायला लावल्या, आणि मला म्हणाली, “बस खाली. देठ खुड. सगलं.” मी दिवसभर खुडले. हातांची आग रात्रभर गेली नाही. तरी मला त्या रात्री जशी झोप लागली तशी गेल्या दोन वर्षांत लागली नव्हती.

सरांना मी ठाण्याला जाऊन सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. म्हणाले, “नाक बंद असताना लिहिलं, ते माझं. त्याचं मी बघतो. पण पुढच्या रविवारची जागा रिकामी ठेवतोय. तू भर.” पुन्हा तुला नेईन, असं ते म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही.

तर ही ती जागा.

मी तरुण होते, घाबरले होते, तत्त्वासाठी केलं – यातलं काही मी म्हणणार नाही. तत्त्व नव्हतंच ते. स्वतःला आरशात बघायची हौस होती, आणि तिची झळ एका बाईच्या हाताला लागली. सरांच्या सदरावर विश्वास ठेवून तुमच्यापैकी जे वडप्याला तिथे न थांबता पुढे गेले, त्यांचं एक जेवण मी बुडवलं आहे.

मसाला या वर्षी आत्यानेच भाजला. माझी जीभ आता तिच्या कामाची नाही, मी कितीही चांगलं म्हटलं तरी ती म्हणते, “तू तर बोलूच नको.” बरोबर आहे तिचं. म्हणून हे तुम्हाला सांगते आहे. नाशिककडे जाताना वडप्याला थांबा. कुणालाही विचारा, हिराआत्याची खाणावळ दाखवतील. निवट्या असतील तर निवट्या मागा, नसतील तर जे असेल ते. ती ताट ठेवेल, आणि गेल्या आठवड्यापासून पुन्हा पाठ न फिरवता समोर उभी राहायला लागली आहे. “कसा झालाय?” म्हणून विचारेल.

तेव्हा माझ्याकडे बघून, कीव येऊन किंवा हे वाचलंय म्हणून काही बोलू नका. मीठ जास्त असलं तर जास्त आहे म्हणा. घास नीट चावा, तिखटाखाली काय आहे ते बघा, आणि जे असेल ते तिच्या तोंडावर सांगा.